गिरगावातला ‘मूकपट ते बोलपट’ वॉक : जुन्या सिनेमाची आवड असेल तर कराच

पहिला बोलपट म्हटलं की तेच तेच ऐकायला मिळतं, दिग्दर्शक आर्देशीर इराणी, १४ मार्च १९३१, मॅजेस्टिक थिएटरला ‘आलम आरा’, चार आण्याचं तिकीट ब्लॅकमध्ये चार-पाच रुपयांना. या वॉकमध्ये तेही आहे पण सगळा भर नटनट्यांवर आहे, की आवाज आला आणि यांचं काय झालं, आणि म्हणूनच मला तो एवढा आवडला. रविवारी सकाळी असतो, फी ५०० रुपये, मॅजेस्टिक जिथं होतं तिथून (आता शॉपिंग सेंटर आहे) चालत चालत केनेडी ब्रिजपर्यंत.

मास्टर विठ्ठलचा किस्सा तर जबरदस्त सांगितला. आपला मराठी गडी, तलवारबाजी आणि स्टंटचा हुकमी हिरो, शारदा फिल्म कंपनी सोडून ‘आलम आरा’चा हिरो व्हायला इराणींच्या इंपीरियल कंपनीत आला म्हणून शारदावाल्यांनी कोर्टात खेचलं आणि त्याची केस लढवली बॅरिस्टर जिनांनी, जिंकलेही. एवढं सगळं होऊन हिरो आला आणि उर्दू उच्चारच जमेनात! मग रोलच असा केला की बराच वेळ तो गुंगीतच. पुढे मराठी सिनेमांत तो दिसत राहिला पण मूकपटातला दरारा काही परत आला नाही. मला खरंच वाईट वाटलं त्याच्यासाठी, कारण अंगात कला होती, फक्त मागणी बदलली.

सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, जन्म पुण्याचा, आधी टेलिफोन ऑपरेटर, मग मूकपटांची सगळ्यात मोठी स्टार. हिंदुस्तानी धड येत नव्हती, तर बाईंनी सरळ काम थांबवलं, भाषा शिकल्या आणि १९३२ ला ‘माधुरी’ घेऊन परत आल्या. स्वतःचेच गाजलेले मूकपट पुन्हा बोलपट म्हणून केले, ‘अनारकली’ १९२८ ला मूक आणि १९३५ ला बोलका. १९५३ च्या ‘अनारकली’त त्याच सलीमची आई झाल्या. हे ऐकून अंगावर काटा आला.

केनेडी ब्रिजचा स्टॉप चुकवू नका. इंपीरियलचा स्टुडिओ इथं रुळांजवळच होता. खालून लोकल गेली की गाइड बोलायचे थांबतात, गाडी गेली की मग सांगतात की याच आवाजामुळे ‘आलम आरा’चं शूटिंग गाड्या बंद असताना, रात्री उशिरा चालायचं. माइक कुठंतरी लपवलेला, नटाने त्याच्या आसपासच राहायचं. आधी कॅमेरा चालू असताना डायरेक्टर ओरडून सूचना द्यायचा, आता सेटवर सगळं चिडीचूप, म्हणजे सगळं आधीच पाठ हवं. बिचाऱ्यांची किती तारांबळ उडाली असेल ते त्या पुलावर उभं राहिल्यावर कळतं.

आता तक्रार. गाइडकडे छोटा स्पीकर हवा, मागच्यांना काही ऐकू येत नव्हतं आणि ग्रुपही मोठा होता. शेवटी घाई केली, ललिता पवार आणि पी. जयराज दोघंही मूकपटातून आले आणि पुढे कित्येक दशकं काम करत राहिले, त्यांना दोन-दोन वाक्यात उरकलं, आणि दुर्गा खोटेंचं तर नावच नाही. अर्धा तास वाढवा, फी वाढवली तरी चालेल. पुढे पुढे उभे राहा, पाण्याची बाटली घ्या, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना न्यायचं असेल तर आयोजकांना आधी फोन करा, वाटेत बसायला जागा नाही.