सडेल आंब्याच्या फळ्या: एका वखारीचा अनुभव

टीपॉयसाठी लाकूड बघायला भुसावळजवळच्या एका वखारीत गेलो होतो. सागवानाचा भाव ऐकून परत फिरणार, तेवढ्यात मागच्या भिंतीशी आंब्याचं खोड दिसलं. दोन पावसाळे चिखलात पडलेलं. "सडेल आहे ते भो, चुलीत घाला," मालक म्हणाले. म्हटलं, चिरून तर दाखवा. पहिली फळी निघाली आणि चिरणारा पोरगाही बघत राहिला. फिकट अंगावर बोरूने ओढाव्यात तशा बारीक काळ्या रेघा!

यालाच स्पाल्टेड लाकूड म्हणतात. ओल्या लाकडात बुरशी शिरते. दोन वसाहती भिडल्या की मधे काळी हद्द आखतात. थोडक्यात, बांधाचं भांडण.

पाच फळ्या जळाऊच्या भावात मिळाल्या, चिराई वेगळी. चिराईला पैकीच्या पैकी मार्क, सगळ्या फळ्या एका जाडीच्या. पण घरी येऊन नख रोवून पाहिलं, तर एक फळी मधोमध भिजल्या बिस्किटासारखी. बदलून मागितली, तर "सडेल सांगूनच दिली होती ना?" यावर काय बोलणार!

फळ्यांमधे पट्ट्या ठेवून त्या उन्हाळाभर पत्र्याखाली रचल्या. ओल २० टक्क्यांखाली गेली की बुरशीची वाढ थांबते, आणि आमच्याकडचा मे महिना त्याला पुरेसा आहे. मऊ जागांत पातळ इपॉक्सी (सुकल्यावर कडक होणारा चिकट द्रव) जिरवलं. पॉलिश पेपर नुसत्या हाताने मारला ही माझी चूक: मऊ भाग खाल्ला गेला, काळ्या रेघा वर राहिल्या, फळीला लाटा आल्या. मग पेपरखाली सपाट ठोकळा धरून पुन्हा सगळं घासलं. मास्क मात्र लावाच, ही धूळ छातीला वाईट. तेल थेट लावू नका. मऊ जागा ते पितात आणि डाग पडतात. मी आधी लाख पॉलिशचे पातळ हात दिले.

पाय आणि चौकट जुन्या बैलगाडीच्या बाभळीची. सडेल लाकडात स्क्रू धरत नाही, त्यामुळे वजन सगळं बाभळीवर. आंबा फक्त वर, मिरवायला. काळपट लाल चौकटीत त्या रेघा अशा उठतात की पाहुणे चहा ठेवायला कचरतात.

परवा पुन्हा गेलो. खोडाचा उरलेला तुकडा आता पुसून ऑफिसात उभा केलाय. भाव विचारला, तर सागवानाला लागून!

"डिझाइनचा माल आहे भो."

चिराईला तिथेच जाईन. आंबा दुसरीकडे शोधतोय.