बेळगावच्या टिळकवाडीतलं घरगुती पाळणाघर, आमचा अनुभव (५ पैकी ४)

बाळंतपणाची रजा संपत आलीय आणि बाळाला कुठं ठेवायचं म्हणून ज्या शोधताहेत त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा जो तो नुसतं "चांगलं आहे, घाला की" म्हणायचा, चांगलं म्हणजे नेमकं काय ते कुणी सांगेना. आमची लेक दहा महिन्यांची होती तेव्हापासून तिथं जाते, आता दीड वर्षाची होईल. जुनं कौलारू घर, पुढं अंगण, पेरूचं झाड, बोर्ड एवढासाच.

मी उद्यमबागला एका वर्कशॉपच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. सासूबाई खानापूरकडं गावी, शेती-जनावरं टाकून कशा येणार, आईला गुडघ्याचा त्रास. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे ती मिळाली, पुढं थोडी बिनपगारी काढली. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कंपनीनं पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चारदा जाऊन बाळाला बघू द्यायचं असंही कायद्यात आहे, पण आमच्याकडं तेवढी माणसंच नाहीत. तुमची कंपनी मोठी असेल तर एचआरला विचाराच, संकोच करू नका, हक्काचं आहे. अंगणवाडीत बसायला तीन वर्षांपुढं घेतात. आणि ग्रामपंचायतींतलं कूसिना मने, म्हणजे सरकारी पाळणाघर, ते मुख्य करून रोजगार हमीच्या कामाला जाणाऱ्या बायकांच्या लहान मुलांसाठी, खेड्यात असाल तर पंचायतीत चौकशी करा.

आधी दुसरं एक पाळणाघर बघितलेलं. भिंतीवर कार्टून, एसी, मोबाईलवर कॅमेरा दिसणार, सगळं झकास. मी विचारलं मुलं पडली-बिडली तर काय करता, तर म्हणाले, "आमच्याकडं तसलं काही होतच नाही." इथं तोच प्रश्न विचारला तर ताई लगेच म्हणाल्या, "पडतात की हो, चालायला लागलेलं पोर पडणारच. पडलं की आधी फोन करतो, मग वहीत लिहितो." आणि वही उघडून पुढ्यात ठेवली. माझं तिथंच ठरलं. आता आमच्या लेकीचंही त्यात पान आहे, त्यातली एक नोंद अशी: "११.२० उंबऱ्याला अडखळली, कपाळावर टेंगूळ, बर्फ लावला, मम्मीला फोन केला. खिमट अर्धी वाटी खाल्ली. झोप १ ते २.३०." एकदा दुसऱ्या मुलाने दंडाला चावा घेतला तेही मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं. मला ऑफिसात बसून काम सुधरतं ते या वहीमुळं, कॅमेऱ्यानं ते झालं नसतं असं मला मनापासून वाटतं.

दहा महिन्यांचं बाळ म्हणजे अनोळखी माणूस दिसला की गळा काढणार, आमचीही फार रडली. पहिल्या आठवड्यात मला तिथंच बसवून घेतलं, मग तासभर, मग दुपारपर्यंत असं वाढवत नेलं. ताईंची एक सक्त ताकीद, पोराची नजर चुकवून पळायचं नाही, रडू दे पण टाटा करूनच जायचं. वाईट वाटायचं खूप, पण महिन्याभरात ती स्वतःहून त्यांच्याकडं झेप घ्यायला लागली.

दूध काढून देत असाल तर बाटलीवर नाव आणि वेळ लिहून द्या, बाहेर चार तासांवर ठेवत नाहीत, उरलेलं टाकून देतात. पावसाळ्यात लाईट जाते आणि इन्व्हर्टरवर फक्त पंखे चालतात, म्हणून मी बर्फाच्या पॅकची पिशवी देत होते. जेवण घरचं, खिमट, मऊ वरणभात, नाचणीची खीर. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देत नाहीत, एक आजी गुटीत मध घालून द्या म्हणून अडून बसल्या होत्या तरी दिला नाही, हे मला फार आवडलं. मराठी, कन्नड, कोंकणी सगळ्या घरची मुलं आहेत, ताई दोन्ही-तिन्ही बोलतात.

एक स्टार कापला तो टीव्हीसाठी. पाचनंतर मोठ्या मुलांना कार्टून लावतात आणि बारकीही तिथंच बसतात, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच. मी बोलले तेव्हापासून बारक्यांना आतल्या खोलीत नेतात, पण जोराचा पाऊस असला की पुन्हा सगळी एकत्रच. साडेसहाला बंद म्हणजे बंद, महिनाअखेरीला खानापूर रोडच्या गर्दीतून पोचताना जीव टांगणीला लागतो. ताप असेल तर घेत नाहीत, तेव्हा रजा हाताशी ठेवा, बाकीच्या मुलांच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. फी साडेचार हजार, जेवण धरून, सुट्टीचे दिवस कापत नाहीत.

बघायला जाणार असाल तर चारच्या सुमारास जा, मुलं तेव्हा झोपेतून किरकिरत उठतात आणि कोण कसं उचलून घेतं ते सगळं दिसतं. एक ते तीन फोन करू नका, उचलत नाहीत.