स्प्रिंकलरसाठी पाइप: एमएस की सीपीव्हीसी?

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातल्या एका कापड दुकानदाराचा प्रश्न आहे: खाली दुकान, वर गोदाम, आगीवर पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरला लोखंडी (एमएस) पाइप टाकू की सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा? २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हापासून कोल्हापुरात हा विषय कुणालाच लांबचा वाटत नाही.

बसवणं: सीपीव्हीसी हलका. कापून सोल्युशन (चिकटवायचा द्रव) लावलं की जोडला, मात्र ते वाळायला पूर्ण वेळ दिल्याशिवाय पाण्याचा दाब देऊ नये. एमएसला बहुतेकदा वेल्डिंग लागतं, आणि कापडाच्या गठ्ठ्यांवर ठिणगी पडणं म्हणजे संकटाला आमंत्रणच. माल हलवूनच ते काम करा. दर विचारताना नुसत्या पाइपाचा नको, मजुरीसकट विचारा.

टिकणं: एमएस आतून गंजतो, सीपीव्हीसी गंजत नाही. पण सीपीव्हीसीला उष्णता सोसत नाही. साधारण ६५ अंशांच्या वर त्याचं काम नाही. तापलेल्या पत्र्याखाली उघडा टाकायचा विचारही करू नका.

खरा निर्णय धोक्याच्या वर्गावर, म्हणजे त्या जागेत आग किती भडकू शकते यावर होतो. सीपीव्हीसी मुख्यतः घरं, ऑफिसं अशा कमी धोक्याच्या जागांसाठी, तोही अग्निशमनासाठी प्रमाणित केलेला. नळकामाचा चालत नाही. कापडाचं गोदाम त्या वर्गात बसतच नाही. तिथे स्प्रिंकलरही दाट लागतात आणि गठ्ठे त्यांच्यापासून पुरेसं अंतर सोडून खाली थांबले पाहिजेत.

म्हणून गांधीनगरच्या दुकान-गोदामाला हेवी क्लास (जाड भिंतीचा) एमएसच. राजारामपुरीतल्या फॉल्स सीलिंगच्या ऑफिसला सीपीव्हीसी खुशाल घ्या.