भिंतीवरची गोधडी: नेफा, वेल्क्रो, चिमटे आणि चिकट हुक यांची पारख

गोधडी टांगण्याच्या कुठल्याही साधनाला एकच प्रश्न विचारावा: वजन वरच्या काठावर सगळीकडे सारखं पडतं का? दोन-चार जागीच ताण आला तर तिथले टाके आधी उसवतात, मग कापड विरतं, आणि मधला काठ झोळीसारखा लोंबतो. म्हणून खरेदीआधी गोधडीचं वजन करा. ती हातात घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग नुसतं उभं राहायचं, आणि दोन आकड्यांतला फरक लिहून ठेवायचा.

नेफा आणि दांडी. सगळ्यांत उत्तम आणि सगळ्यांत स्वस्त साधन हेच. पायजम्याला नाडीसाठी असतो तसाच नेफा, फक्त रुंद आणि गोधडीच्या पाठीवर. ६० इंच रुंद गोधडीसाठी ६० इंच लांब, ९ इंच रुंद सुती पट्टी घ्या. पट्टीचं कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात नेफा आटतो आणि गोधडीला चुण्या पडतात. दोन्ही टोकं अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून शिवली की लांबी ५८ इंच होते. मग उलट्या बाजू आत ठेवून पाव इंचावर लांब टीप घाला. शिवण नेफ्याच्या बाहेर राहते आणि गोधडीकडच्या बाजूला दडते, त्यामुळे दांडी तिच्यात अडकत नाही.

पुढची गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकते. नळी सपाट इस्त्री करून दोन्ही बाजू सारख्या शिवल्या तर दांडीच्या जाडीला जागा उरत नाही आणि पुढून गोधडीवर आडवा फुगवटा दिसतो. एकूण घेर साडेआठ इंच आहे. त्यातले ४ इंच गोधडीला टेकणाऱ्या बाजूला द्या आणि साडेचार इंच भिंतीकडच्या बाजूला. अर्ध्या इंचाची ही ढील दांडीला सामावून घेते आणि पुढचा भाग सपाट राहतो. नेफ्याचा वरचा काठ गोटाच्या अर्धा इंच खाली लावा आणि हाताने, इंचाला चार-पाच टाके, तुरपाई करा. सुई अस्तर आणि मधल्या भरणातून जावी, पुढे दिसू नये. धावदोरा विरळ असेल तर मात्र दर तीन-चार इंचांवर एक टाका पुढच्या थरापर्यंत न्या. नाहीतर सगळं वजन अस्तरच पेलतं आणि पुढचं कापड खाली सरकतं. नेफ्याच्या टोकांना गोधडीकडचा पदरही शिवून टाका. तो मोकळा राहिला तर दांडी नेफ्याऐवजी नेफा आणि गोधडी यांच्या मध्ये शिरते.

दांडी गोल नको, चपटी पट्टी घ्या आणि ती उभ्या कडेवर राहील अशी बसवा, म्हणजे कमी वाकते. ५९ इंचांची पट्टी दोन्हीकडे नेफ्याबाहेर अर्धा इंच येते. तिथे भोक पाडून स्क्रूवर टांगली की गोधडीच्या काठामागे सगळं झाकलं जातं. आधारांमधलं अंतर दुप्पट झालं तर त्याच पट्टीचा झोल सोळापट होतो. म्हणून मोठ्या गोधडीला नेफा दोन तुकड्यांत करा आणि मधल्या दोन इंचांच्या फटीत तिसरा स्क्रू द्या. कच्चं लाकूड थेट सुताला लागू देऊ नका, त्यातल्या आम्लाने पिवळे डाग पडतात. ॲल्युमिनियम सगळ्यांत निर्धास्त.

वेल्क्रो. जुन्या, वाकड्या काठाच्या गोधडीसाठी नेफ्याइतकंच चांगलं, कारण काठ हवा तसा वर-खाली करून सरळ दाखवता येतो. दोन इंच रुंद पट्टी घ्या. मऊ बाजू गोधडीला आणि खरखरीत बाजू भिंतीवरच्या लाकडी पट्टीला. उलट केलं तर घडी घालताना खरखरीत बाजूचे बारीक आकडे कापडातले धागे ओढतात. मऊ बाजू आधी जाड सुती फितीवर मशीनने शिवा आणि मग फीत हाताने गोधडीला. मागे गोंद असलेलं वेल्क्रो इथे बादच. सुई चिकटते आणि गोंद कापडात उतरतो.

लाकडी पकड-पट्टी. दोन पट्ट्यांमध्ये काठ दाबून स्क्रू आवळायचे. शिवण लागत नाही, दिसतेही छान, आणि दुकानात बहुतेकांचा हात हिच्याकडेच जातो. पण सैल ठेवली तर गोधडी घसरते, आणि आवळली तर भरण चेपून आडवी रेघ उमटते. आतून नमद्याचं अस्तर नसेल तर घेऊ नका. महिन्या-दोन महिन्यांनी बदलायच्या लहान गोधड्यांपुरती ठीक.

चिमटे असलेल्या कड्या. प्रत्येक दोन चिमट्यांमध्ये काठ लोंबतो. चिमटे वाढवले की झोल कमी होतो, दाताचे ठसे वाढतात. हातच्या कामाची गोधडी असेल तर नकोच.

कोपऱ्याचे त्रिकोण. चार इंचांचे दोन चौकोन तिरके दुमडून वरच्या कोपऱ्यांत गोटाखाली शिवायचे आणि त्यांत पट्टी अडकवायची. दोन फुटांपर्यंत फार सुबक काम होतं. त्यापुढे मधला काठ पुढे झुकतो.

चिकट हुक आणि चुंबक. हुकावर लिहिलेलं वजन गुळगुळीत, पक्क्या रंगासाठी असतं. भुकटी सुटणाऱ्या रंगावरून हुक रंगाचा पापुद्रा घेऊनच खाली येतो. चुंबकावरचा आकडा सरळ ओढण्याचा असतो. गोधडी खाली सरकते, आणि त्या दिशेला चुंबकाची पकड पुष्कळच कमी असते. पेसमेकर वापरणाऱ्या माणसाजवळ शक्तिशाली चुंबक ठेवू नयेत. दोन्ही साधनं चिमुकल्या, हलक्या कामापुरतीच.

साधन कुठलंही असो, ओल येणारी आणि ऊन पडणारी भिंत टाळा. संग्रहालयांत अशा कापडावर साधारण ५० लक्सच, म्हणजे बराच मंद, प्रकाश ठेवतात, कारण उडालेला रंग परत येत नाही. तीन-चार महिन्यांनी गोधडी उतरवा, नळीवर सुती चादर गुंडाळून त्यावर पुढची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, आणि पुन्हा टांगण्याआधी नेफ्याची टोकं तपासा. टाके पहिल्यांदा तिथेच सुटतात.