सॉफ्टवेअर आर्किटेक्चर शिकायचंय: गेट, वीकेंडचं एम.टेक. की परदेश?

गेटच्या कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात अल्गोरिदम आहे, कंपायलर आहे, डेटाबेस आणि नेटवर्क्सही आहेत. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग मात्र नाही. पूर्वी होतं, मग सिलॅबसमधून काढलं. आर्किटेक्चरमध्ये एम.टेक. करायचं ठरवून गेटच्या क्लासला नाव घालणाऱ्यांनी एवढं आधी बघावं, कारण प्रवेश परीक्षेचा कल पुढे अभ्यासक्रमातही दिसतो. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी कॉम्प्युटर सायन्सचं एम.टेक. भक्कमच आहे, पण तिथला ओढा संशोधनाकडे. मोठी सिस्टिम कशी मांडावी, ती दहा वर्षं कशी टिकवावी, हा तिथला मुख्य प्रश्न नव्हे. व्हेरिफिकेशन (प्रोग्राम बरोबर आहे हे काटेकोरपणे सिद्ध करणं), डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स (अनेक कॉम्प्युटरांवर मिळून चालणाऱ्या सिस्टिम्स) यांत रस असेल तर याहून चांगली जागा शोधू नका. गेटमधून गेलात तर महिना 12,400 रुपये स्टायपेंड मिळतो, फी आवाक्यात असते, आणि शिक्का तर आहेच.

आर्किटेक्चरचा चांगला कोर्स म्हणजे नेमकं काय, हे समजल्याशिवाय बाकीची तुलना फुकट आहे. तत्काळ तिकिटांचं उदाहरण घ्या. सकाळी 10 ला एसीचं बुकिंग उघडतं आणि एका क्षणात लाखो लोक तुटून पडतात. 'सिस्टिम फास्ट हवी' हे वाक्य इथे कुचकामी. किती विनंत्या, किती सेकंदांत उत्तर, एक सर्व्हर पडला तर काय, हे आकड्यांत लिहावं लागतं. मग खरी ओढाताण सुरू होते. किती जागा शिल्लक आहेत हा आकडा कॅशमधून (cache, म्हणजे आधीच साठवून ठेवलेल्या प्रतीतून) दाखवला तर वेग वाढतो, पण तो थोडा शिळा असतो. तेवढं लोक चालवून घेतात. एकच बर्थ दोघांना विकला गेला तर चालत नाही, म्हणून प्रत्यक्ष बुकिंगला वेगळे, कडक नियम. कुठे शिळं चालेल आणि कुठे नाही, हे ठरवून त्याची किंमत कारणासह लिहून ठेवणं, हे या विषयाचं मर्म. आकृतीतले बॉक्स आणि बाण काढायला दोन दिवसांत येतं.

हे पद्धतशीर शिकवण्याचं मोठं श्रेय पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनला जातं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर 1984 मध्ये तिथे सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. आर्किटेक्चर तपासण्याची एटॅम ही पद्धत तिथलीच. मेरी शॉ आणि डेव्हिड गार्लन यांचं 1996 चं पुस्तक या विषयाचं पायाभूत पुस्तक मानतात, आणि ती दोघंही तिथलीच प्राध्यापक. तिथल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या मास्टर्सचा गाभा म्हणजे स्टुडिओ: खरा ग्राहक, विद्यार्थ्यांची टीम, महिनोन्‌महिने चालणारं काम, आणि डोक्यावर मार्गदर्शक. ग्राहक मध्येच मागणी बदलतो तेव्हा वर्गात मांडलेलं डिझाइन किती लवचीक होतं ते कळतं. शिक्षण म्हणून मला हेच सर्वांत उजवं वाटतं. अडचण पैशांची. मोठं कर्ज काढावं लागतं, आणि पुढे एच-1बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीवर अवलंबून. ते कर्ज भारतातल्या पगारावर फेडता येईल का, हे गणित निघण्यापूर्वी घरी बसून करा.

जर्मनीचा हिशेब वेगळा. श्टुटगार्ट विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची स्वतंत्र पदवी 1990च्या दशकापासून आहे, शेजारी बॉश, मर्सिडीज, पोर्शे. त्या राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो फी, शिवाय राहण्याच्या खर्चाची रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात) दाखवावी लागते. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. पण कोर्स जर्मनमध्ये आहे की इंग्रजीत, हे आधी तपासा. कॉम्प्युटर सायन्सचे इंग्रजी मास्टर्स पुष्कळ, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचे त्यामानाने कमी. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या परीक्षा देत आलेल्यांना इथे सरळ फायदा आहे.

राहिला नोकरीतला मार्ग. बिट्स पिलानीच्या वर्क इंटिग्रेटेड कार्यक्रमात गेट लागत नाही, नोकरी करत असणं ही मुख्य अट. चार सेमिस्टर, वीकेंडला ऑनलाइन वर्ग, शेवटी डिझर्टेशन, म्हणजे प्रबंध, आपल्याच कामावर. हिंजवडीत या वाटेने गेलेले अनेक भेटतील, आणि 'डिग्री पगारवाढीसाठी' असं मोकळेपणाने सांगणारेही. ते चुकीचं नाही. पण या मार्गाची ताकद वेगळीच आहे: ज्या सिस्टिमचा कोड तुम्ही रोज शिव्या देत वाचता, तीच अभ्यासाला मिळते. चार वर्षांपूर्वी कोणी तो मॉड्यूल तसा का लिहिला, याचा माग काढणं हे आर्किटेक्चरचंच काम. मात्र मॅनेजर सहकार्य करणारा नसेल, तर डिझर्टेशन म्हणजे ऑफिसच्या रिपोर्टला नवं कव्हर.

माझं मत विचाराल तर बी.ई. झाल्या झाल्या आर्किटेक्चरच्या मागे लागू नये. दोन-तीन वर्षं एखाद्या जुन्या, वाढत्या सिस्टिमवर घालवा, मध्यरात्री प्रॉडक्शन (लोक वापरत असलेली चालू सिस्टिम) पडल्यावर उठा, मग पिट्सबर्ग किंवा श्टुटगार्टचा विचार करा. घरची जबाबदारी असेल तर वीकेंडचं एम.टेक. गेट मात्र ताज्या पदवीधरांनी द्यावी, आणि ती संशोधनाची आवड असेल तरच. अर्ज कुठेही करा, त्याआधी गेल्या वर्षी प्रत्यक्षात चाललेल्या इलेक्टिव्हची, म्हणजे ऐच्छिक विषयांची, यादी मागवा. माहितीपत्रकातले सगळे विषय दर वर्षी शिकवले जातातच असं नाही.