गुडघे दुखणाऱ्यांसाठी फॉर्मल बूट: ऑक्सफर्ड, डर्बी, लोफर आणि बाकीचे

दुकानात बूट घातला, चार पावलं टाकली, तळव्याखाली गुबगुबीत लागलं की ‘हाच द्या’. गुडघेदुखीची माणसं नेमकी इथेच फसतात. मेमरी फोमचा तो थर जेमतेम काही मिलिमीटर जाड असतो आणि सगळं वजन येतं त्या टाचेखाली तो सर्वांत आधी बसतो. गुडघ्याला गादीपेक्षा टाच न डगमगणं, उंची कमी असणं आणि बूट विनासायास पायात जाणं जास्त महत्त्वाचं.

सपाट, लवचीक बुटांत गुडघ्यावरचा भार प्रयोगशाळेत कमी भरतो, म्हणून तेच घ्या असं बरीच वर्षं सांगितलं जात होतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मेलबर्न विद्यापीठाच्या चाचणीत गुडघ्याच्या संधिवाताच्या १६४ जणांनी सहा महिने असे किंवा स्थिर, आधार देणारे बूट वापरले. चालतानाचं दुखणं स्थिर बुटांनी जास्त कमी झालं. तेव्हा पातळ, कागदासारखा दुमडणारा ‘अल्ट्रा फ्लेक्स’ फॉर्मल बूट आम्ही तरी सुचवणार नाही.

तपासणी तीन प्रकारे करा. मागच्या बाजूने टाचेभोवतीची भिंत अंगठा आणि बोटाने दाबा. ती सहज आत गेली तर टाच दोन्ही बाजूंना कलंडणार. मग बूट दोन्ही हातांत धरून ओला टॉवेल पिळतात तसा पिळा. थोडा वळावा, पण पार पिळला जाऊ नये. शेवटी पुढचं टोक वर ढकला. बूट चवड्यापाशी, बोटं वाकतात तिथे वाकला पाहिजे. मधोमध, कमानीखाली दुमडला तर आत आधाराची पट्टी (शँक) नाही किंवा कमकुवत आहे.

आता प्रकार. ऑक्सफर्ड दिसायला सर्वांत रुबाबदार, पण नाडीच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या चामड्याखाली शिवलेल्या असल्याने बूट फारसा उघडत नाही. संध्याकाळी पाय सुजला की चावतो, आणि घालताना पाय आत कोंबावा लागतो. डर्बीत त्याच पट्ट्या वरून शिवलेल्या असतात, नाडी सोडली की बूट ऐसपैस उघडतो. साधा काळा डर्बी सूटखाली बेलाशक चालतो. आमची पहिली पसंती हीच. लोफर घालायला सोपा, पण पाय धरून ठेवायला त्याला नाडी नाही. जरा सैल झाला की बोटं आवळून चालावं लागतं आणि चाल बिघडते. वादीचा मंक स्ट्रॅप हा मधला चांगला मार्ग, फक्त बक्कल दरवेळी सोडावं लागू नये म्हणून आत इलॅस्टिक आहे का पाहा. चेल्सी (घोट्यापर्यंतचा, बाजूला इलॅस्टिक असलेला बिननाडीचा) बूट ओढून काढताना गुडघ्याला पीळ बसतो. आतल्या बाजूला चेन असलेला मिळाला तरच घ्या.

वरून ब्रोग (चामड्यावर नक्षीदार छिद्रं असलेला फॉर्मल बूट) आणि खालून स्पोर्ट्‌स शूज असे संकरित बूटही मिळतात. कोल हान या अमेरिकी कंपनीचा झीरोग्रँड त्यांतला प्रसिद्ध. वजनाला हलके, आणि दिवसभर पाय उचलताना तो फरक कळतो. पण मूळ झीरोग्रँडच्या सोलला खाचा पाडल्यात त्या मुद्दाम तो वाकावा म्हणून. तेव्हा या जातीचा कुठलाही बूट आधी पिळूनच पाहा.

बायकांच्या बुटांत एक गैरसमज पक्का बसलाय: टोकदार हील वाईट, रुंद हील चालते. रुंद टाचेने घोटा कमी मुरगळतो हे खरं, पण गुडघ्यावरचा ताण येतो उंचीमुळे. ‘द लॅन्सेट’मध्ये २००१ साली आलेल्या अभ्यासात रुंद टाचेच्या उंच बुटांनीही हा ताण वाढलेला दिसला. २-३ सेंटिमीटरच्या वर जाऊ नका. पट्टा असलेला मेरी जेन बिनपट्ट्याच्या उघड्या पंपपेक्षा केव्हाही बरा.

माप संध्याकाळी घ्या, रोजचे मोजे घालून, दोन्ही पायांचं, आणि मोठ्या पायाला बसेल तो नंबर. सर्वांत लांब बोटापुढे १०-१२ मिलिमीटर जागा हवी. रुंदीला आवळत असेल तर पुढचा नंबर न घेता तोच नंबर रुंद मापात मागा, नाहीतर टाच मागे सटकते.

घालण्या-काढण्याचा विचार मात्र जवळजवळ कुणीच करत नाही. गुडघा पुरता दुमडत नसेल तर ६० सेंटिमीटरचं लांब शूहॉर्न (टाच बुटात सरकवायची पट्टी) आणि इलॅस्टिक नाड्या घ्या; उंच खुर्चीवर बसून डर्बी लोफरसारखा घालता येतो. एका बुटाच्या टोकाने दुसऱ्याची टाच दाबून बूट काढायची सवय सोडा, त्यात गुडघा वळतो.

इनसोल (बुटातला आतला तळ) निघणारा असावा, म्हणजे बसला की बदलता येतो. बाहेरची कड उंच असलेले पाचरीचे इनसोल मनाने घालू नका. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही त्यांची शिफारस नाही. चामड्याचा सोल गुळगुळीत फरशीवर घसरतो, आणि तोल सावरताना गुडघ्यालाच झटका बसतो. खाली रबराचा पातळ थर लावून घ्या. टाचेची बाहेरची कड ३-४ मिलिमीटर झिजली की टाचेचा खालचा थर बदला. त्या तिरक्या टाचेवर चांगला बूटही पाय कलता ठेवतो.

आणि पीयू (पॉलियुरेथेन) सोलचे बूट ‘लग्नाकार्याला घालू’ म्हणून कपाटात जपून ठेवू नका. हवेतल्या दमटपणाने पीयू आतून विघटित होतं आणि काही वर्षांनी, एकदाही न झिजलेला सोल भर कार्यक्रमात भुगा होऊन गळतो.