पीएचडी, कोड आणि तबला: पुणे की म्युनिक?

खगोलशास्त्रात पीएचडी करायची आहे, पण खरा जीव सॉफ्टवेअर लिहिण्यात आहे, आणि गाणंबजावणंही सोडवत नाही, अशी मुलं-मुली मला अधूनमधून फोन करतात. प्रश्न ठरलेला असतो: पुणे की म्युनिक? मी पुण्यातल्या एका संस्थेत पीएचडी केली, मग म्युनिकजवळ गार्खिंगला दोन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन. दोन्हीकडे पायथन आणि सी++ या भाषांत कोड लिहिला, दोन्हीकडे तबला सोबत होता. तेवढ्या भांडवलावर सांगतो.

पैशाचं आधी उरकून टाकू. पुण्यात पहिली दोन वर्षं जेआरएफचे (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफचे (वरिष्ठ) ४२,००० (हे दर जानेवारी २०२३ पासूनचे), शिवाय हॉस्टेल किंवा घरभाडे भत्ता. हॉस्टेलवर राहून, मेसमध्ये जेवून यात नीट भागतं. फक्त एखाद-दुसरा महिना पैसे उशिरा आले तर तारांबळ उडू नये एवढी गंगाजळी ठेवा, आमची उडायची. जर्मनीत मॅक्स प्लँक या संशोधन संस्थांनी २०१५ पासून शिष्यवृत्तीच्या जागी नोकरीचा करार द्यायला सुरुवात केली. त्यामुळे आरोग्यविमा, रजा, पेन्शन सगळं कागदावर येतं. पण म्युनिकचं घरभाडं त्यातला मोठा घास खातं, आणि विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळेपर्यंत काही सेमिस्टर निघून जातात. हातात शेवटी काय उरतं यात फार फरक पडत नाही, म्हणून या मुद्द्यावर निर्णय घेऊ नका.

आता कोड. पुण्यात यंत्र जवळ आहे. आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्था विद्यापीठाच्या आवारातच, आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, म्हणजे ४३५ जोड्या, आणि प्रत्येक जोडीचा वेगळा डेटा. आदित्य-एल१ या सूर्याकडे बघणाऱ्या यानावरची ‘सूट’ दुर्बीण आयुकाची. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. या सगळ्याला सॉफ्टवेअर लागतं आणि लिहिणारे हात कमी. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच अख्खी पाइपलाइन, म्हणजे कच्चा डेटा टप्प्याटप्प्याने साफ करणारा कोड, तुमच्या गळ्यात पडू शकते. तुमचा कोड बहुधा कोणी वाचत नाही. याचं सुख पहिल्या वर्षी कळतं, दुःख चौथ्या.

माझी पाइपलाइन एकदा सी११ या अँटेनाचा सगळा डेटा कचरा म्हणून फेकून द्यायला लागली. मी तीन दिवस कोड उलटापालटा केला, फ्लॅगिंगच्या (खराब डेटा वगळायच्या) मर्यादा बदलून पाहिल्या, गाइडना तावातावाने मेल लिहिला. शेवटी खोडदला गेलो, तर कंट्रोल रूममधले ऑपरेटर काका चहाचा कप पुढे करत म्हणाले, “अहो, त्या दिवशी त्यावर दुरुस्ती चालू होती. लॉगमध्ये लिहिलंय की.” लिहिलेलं होतंच, मीच वाचलं नव्हतं. डेटा कुठून येतो, कोणाच्या हातून येतो, हे असं अंगावर येऊन शिकायला यंत्र बसच्या टप्प्यात असावं लागतं.

गार्खिंगमध्ये कोड वारशाने मिळतो. विश्वरचनेच्या सिम्युलेशनसाठी जगभर वापरला जाणारा गॅजेट हा कोड लिहिणारे फोल्कर श्प्रिंगेल तिथे मॅक्स प्लँकच्या खगोलभौतिकी संस्थेत संचालक आहेत. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीत आपण डोळे मिटून जे फूरिये रूपांतर (सिग्नल वारंवारतांमध्ये फोडायचं गणित) मारतो, त्याच्या पोटात त्याच संस्थेतल्या मार्टिन रायनेके यांचा पॉकेटएफएफटी हा कोड आहे. नमपायने तो २०१९मध्ये घेतला. मी वर्षानुवर्षं तो वापरत होतो आणि हे मला तिथल्या कॅन्टीनमध्ये, बटाट्याच्या सॅलडवर कळलं. सुपरम्यूक-एनजी हा महासंगणक आवारातच, गरम पाण्याने थंड केलेला (वाक्य विचित्र वाटेल, पण तंत्र तेच आहे). पुण्यातही २०२४पासून परम रुद्र हा महासंगणक आहे, त्यामुळे ‘तिकडेच मोठी यंत्रं’ हा मुद्दा पूर्वीइतका राहिलेला नाही.

खरा फरक शिस्तीचा. तिथल्या गटात माझी पहिली मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल गटाच्या कोडमध्ये घ्या ही विनंती, चाळीस ओळींची होती. तिच्यावर एकोणीस शेरे आले, त्यातला एक व्हेरिएबलच्या नावातल्या अंडरस्कोअरवर. टेस्ट कुठे आहेत? दस्तऐवज कुठे आहे? दुसरा कंपायलर लावून पाहिला का? ती आत जायला तीन आठवडे लागले. मी मनात चिक्कार शिव्या दिल्या, आणि आज माझा जो काही बरा कोड आहे तो त्या तीन आठवड्यांमुळे आहे. पण तयार वाड्यात तुम्ही एक खिडकी रंगवता. वाडा कसा बांधतात हे मला पुण्यात, चुका करत कळलं.

वेळेचा हिशोबही याच्याशी जोडलेला आहे. पुण्यात एक वर्ष कोर्सवर्क, मग चार-पाच वर्षं. जर्मनीत तीन, फार तर चार. शून्यातून सॉफ्टवेअर उभं करायला तीन वर्षं पुरत नाहीत, तेव्हा तिकडे जाणार असाल तर चालू कोडमध्ये भर घालणारा विषयच घ्या. पुढच्या नोकरीचं म्हणाल तर संशोधन-सॉफ्टवेअर अभियंता ही ओळख जर्मनीत रुजतेय, त्यांची संघटनाही आहे. आपल्याकडे अशा कायम जागा मोजक्या, आणि हिंजवडी हाकेवर. माझ्या पुण्याच्या बॅचचे दोघं चौथ्या वर्षी हिंजवडीला, आयटीत गेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. पुण्यात डिसेंबर आला की सवाई. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३मध्ये सुरू केलेला महोत्सव, पूर्वी रात्रभर चालायचा, आता ध्वनिक्षेपकाच्या नियमाने दहाला आटोपतो. प्रबंधाच्या शेवटच्या वर्षीही मी तो चुकवला नाही. लॅपटॉप मांडीवर ठेवून संस्थेच्या संगणकांवर चालू असलेली कामं बघितली, शेजारच्या आजोबांनी “बंद करा ते” म्हटल्यावर बंद केला. पण सवाई वर्षाचे पाच दिवस. उरलेलं वर्ष तबल्याच्या गुरुजींचं. आठवड्यातून दोनदा सदाशिव पेठेत, जिना चढून, कायदा (तबल्यातली बांधीव रचना) चुकला की मांडीवर चापट. तिशीतल्या पीएचडीवाल्यालाही.

म्युनिकमध्ये ऐकण्याची चंगळ आहे. आर्सिसश्ट्रासवरच्या संगीत महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या कितीतरी मैफली फुकट. स्टेट ऑपेरात स्वस्तातल्या उभ्या जागा. उन्हाळ्यात चौकात पडदा लावून सगळ्यांसाठी ऑपेरा. २०२१मध्ये उघडलेल्या इसारफिलहार्मोनी या संगीत सभागृहात मागच्या रांगेत बसलो तरी तबल्याच्या माणसाचे कान तृप्त होतील इतकी टिंपनी, म्हणजे ऑर्केस्ट्रातले नगारे, स्वच्छ.

वाजवायचं मात्र अवघड. इमारतीचे नियम: रात्री दहानंतर शांतता, रविवारी पूर्ण दिवस शांतता. शेजारच्या आजींनी दारावर चिठ्ठी लावली होती: मंगळवारचं छान होतं, पण कृपया साडेसहाच्या आत. प्रयोगशाळेतून मी घरी यायचोच सातला. गुरुजी व्हिडिओ कॉलवर शिकवायचे, पण आवाज मागेपुढे होतो, साथ होत नाही. आणि हवा! पुण्यात जुलैत पुडी (तबल्याचं कातडं) दमट होऊन स्वर उतरतो, तिथे जानेवारीत हीटरने सुकून चढतो. काळी एकचा तबला सकाळी पांढरी दोनकडे, म्हणजे पेटीच्या पुढच्या पट्टीकडे, सरकलेला. रोज हातोडीने गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) वर ठोकून स्वर उतरवायचा. शेवटी हीटरवर पाण्याचं भांडं ठेवायला लागलो.

तेव्हा माझं मत, तबलजीचा पक्षपात धरून: तुम्ही आत्ता कोणाकडे शिकत असाल तर पीएचडी पुण्यात करा आणि पोस्टडॉकला गार्खिंग गाठा. कोडची शिस्त तिशीतही लागते, हात तेव्हा बसवायला घेतला तर फार जड जातं. तुम्ही मुख्यतः श्रोते असाल, एकट्याने चाचपडायचा कंटाळा असेल, तर सरळ म्युनिकला अर्ज करा. मग पुण्याचं फारसं काही चुकणार नाही, सवाई सोडून.

आणि वाद्य घेऊन जाणारच असाल तर डग्गा कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत, तबला हातात. हातोडी मात्र चेक-इनमध्ये टाका. विमानतळावरच्या तपासणीत माझी पहिली हातोडी तिथेच राहिली.